एक्कावन्नावा लोटा

शिवाजीनगर, बेंगळुरू
९ फेब्रुवारी, सोमवार

तीर्थस्वरूप जयसिंगकाकांस,
मल्हारचा नमस्कार.

मी शिवाप्पांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालणारा मल्हार. जानेवारीत तुम्ही सलग चार दिवस माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला होता, त्यामुळे ओळख द्यायची खरं तर गरज नाही. पण पत्राच्या सुरुवातीला आपण कोण ते सांगावं, असं आठवीच्या पुस्तकात होतं. माझी शाळा नववीत सुटली. जेवढं शिकलो तेवढं तरी पाळतो.

तुमच्या मुलाचं, रघुनंदनदादांचं, वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे दोन तारखेला नीट झालं असेल. त्यांच्या नावाचे लोटेही वाटून झाले असतील. पन्नास घरांना पन्नास आणि एक स्वतःला, असं तुम्ही म्हणाला होता.

लिहिण्याचं कारण लहान आहे. त्या एक्कावन्न लोट्यांपैकी एकाच्या पॉलिशमध्ये दोष राहिला आहे. चूक माझी. तो लोटा मिळाला तर मी बदलून देईन. दोष नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही चष्मा पुसण्याआधी काचेवर तोंडाची वाफ सोडता, तशी लोट्यावर सोडायची. ज्याच्यावर नावाच्या खाली आणखी बारीक ठिपके उमटतील, तो. वाफ उडाली की ठिपकेही जातात, म्हणून पटकन बघावं लागतं. आधी तुमच्या स्वतःच्या लोट्यावर बघाल का?

फोन करता आला असता, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही. शिवाय तुम्हीच म्हणाला होता, की अनुसूयाकाकू गेल्यापासून घरात मराठी अक्षर आलेलं नाही, बोलण्यापुरती मराठी उरली आहे. तुमचा पत्ता तुम्ही पावतीच्या मागे लिहून दिलेला होता.

तुमचं स्टूल जागेवर आहे. त्यावर आता डब्यांची झाकणं ठेवतात. शिवाप्पा रोज विचारतात, "काय रे, तुझे अज्जा आले नाहीत आज?" मी सांगतो, काम झालं, आता कशाला येतील. पहिल्या दिवशी तुम्ही मला म्हणाला होता, "तुमच्या अक्कलकोटाकडे लोटा कशाला वापरतात ते मला ठाऊक आहे. इकडे कॉफीच्या पेल्याला लोटा म्हणतात. तो विचार डोक्यातनं काढ, मग माझ्या मुलाचं नाव घाल." चार दिवसांत तुम्ही तेवढे एकदाच हसलात.

पत्र चार पानांचं झालं. अक्षर मोठं आहे म्हणून. कृपया लोटा बघावा.

आपला,
मल्हार


१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

तुमचं कार्ड शनिवारी मिळालं. माझ्या नावाने पोस्टाने आलेलं ते पहिलंच. शिवाप्पांनी पोस्टमनकडून घेतलं, त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी दोन्ही बाजू बघितल्या.

तुम्ही लिहिलं आहे: "पॉलिशच्या दोषासाठी कोणी चार पानं लिहीत नाही. मी येलहंका जंक्शनच्या केबिनमध्ये पस्तीस वर्षं होतो. सिग्नल लाल असताना हिरवा सांगणारा आवाज मला कळतो. स्वल्प खरं सांग."

खरं सांगतो. आज मंगळवार, दुकान बंद असतं, म्हणून सकाळपासून बसलो आहे. हा चौथा कागद.

आमच्या दुकानात एक पद्धत आहे, ती मीच सुरू केली. भांड्यावर जे घालायचं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली फोन नंबर टाकायचा. एकदा नाव घातलं की पूर्ण पुसलं जात नाही, आणि चूक झाली की माणसं म्हणतात, आम्ही असं सांगितलंच नव्हतं. माझ्या खोलीत जेवायचं ताट आहे, त्यावर "चि. सौ. कां. शाल्मली हिस" असं आहे. लग्नाची तारीख चुकीची सांगितली गेली आणि ताट माझ्याकडे राहिलं. कोण शाल्मली ते मला माहीत नाही, रोज तिच्या ताटात जेवतो. त्यानंतर चिठ्ठीशिवाय मशीनला हात लावत नाही. चिठ्ठ्या तारेला खोचतो आणि वर्षाने सोडवून गठ्ठा बांधतो.

पाच तारखेला मी गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या सोडवत होतो. त्यात दहा फेब्रुवारीची एक होती. तिच्यावर दोनच शब्द आहेत, एकाखाली एक:

रघू
रविवार

आणि खाली नंबर. तोच नंबर तुमच्या जानेवारीच्या चिठ्ठीवरही आहे. लिहिताना तुम्ही म्हणाला होता, "नंबर रघूचाच देतो. त्याचा फोन मी चालू ठेवलाय."

काका, तुमचा मुलगा जाण्याच्या तीन दिवस आधी आमच्या दुकानात आला होता. सोमवारी. त्याने एक कॉफीचा लोटा घेतला आणि शनिवारी नेतो म्हणून सांगून गेला. मी त्याच दिवशी शब्द घातले. गुरुवारी काय झालं ते तुम्ही मला सांगितलंत, होसूर रोडवर कंपनीच्या बसमध्ये, बसल्या जागी. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. शनिवारी कोणी आलं नाही.

न नेलेलं भांडं महिनाभर ठेवायचं, मग गिऱ्हाइकाला फोन करायचा, तरी आलं नाही तर मालात परत टाकायचं, असा शिवाप्पांचा नियम आहे. मी फोन करायला हवा होता. केला नाही. विसरलो. लोटा वरच्या फळीवर राहिला.

जानेवारीत तुम्ही एक्कावन्न सांगितलेत. खोक्यात पन्नासच येतात. शिवाप्पा म्हणाले, "वरचा तो काढ, चाकावर धर, नाव उडव." मी धरला. पॉलिशच्या चाकाने वरचं सगळं साफ होतं, पण ठिपके खोल असतात, ते थोडे राहतात. मग त्याच जागी मी तुमची ओळ घातली, "कै. रघुनंदन जयसिंगराव यांच्या स्मरणार्थ". तुम्ही तेव्हा समोर बसून मला सांगत होता, की रघू नऊ वर्षांचा असताना केबिनमध्ये येऊन मालगाडीचे डबे मोजायचा आणि घरात शिरताना दारातून ओरडायचा, "अप्पा, सिग्नल दिला का?" तुम्ही दिला म्हणाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी ऐकत होतो आणि चाक फिरत होतं.

रविवार म्हणजे काय, हे मला तुमच्यामुळे कळलं. नाहीतर मला ते नुसते दोन शब्दच वाटले असते. तुम्ही तिसऱ्या दिवशी सांगितलंत: काकू गेल्यावर रघुनंदनदादा दर रविवारी बोम्मसंद्राहून अख्खं शहर ओलांडून, दोन बस बदलून, सकाळी सातला कॉफीला यायचे. काकूंच्या पहिल्या वर्षश्राद्धाचा दिवस रविवारीच आला आणि ते साडेअकराला आले, डबल शिफ्ट करून, अंगावर कंपनीचा शर्ट. भटजी निघून गेले होते. तुम्ही त्यांच्या वाटणीची कॉफी त्यांच्यासमोर मोरीत ओतलीत. "बोललो असतो तर बरं," तुम्ही म्हणालात. "बोललो नाही, ओतली." दुसऱ्या दिवशी त्यांचा लोटा जुन्या भांड्यांवालीला दिलात. ते तीन वर्षं आले नाहीत आणि मग कधीच आले नाहीत.

तुम्ही म्हणालात, "तो ती ओतलेली कॉफी मनात घेऊन गेला."

म्हणून हे पत्र. त्यांनी नवा लोटा घेतला होता. तो तुमच्याकडे पोचायला हवा होता आणि मी तो पन्नास लोट्यांत मिसळून लोकांना वाटायला दिला. तो शोधणं माझं काम आहे. तुमचा लोटा आधी बघा, एवढीच विनंती. चिठ्ठी माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पोस्टाने पाठवायची भीती वाटते. तुम्ही बोलावलंत तर स्वतः आणून देईन.

मल्हार


३ मार्च, मंगळवार

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. तुम्ही रागावला असाल तर तो राग योग्य आहे. तुमचा लोटा तुम्ही बघितला असेलच आणि त्यावर काही नसणार, नाहीतर कळवलं असतंत, असं मी धरलं आहे.

पन्नास घरांची यादी तुम्ही कॅलेंडरच्या पानामागे लिहून आणली होती, आकडा चुकू नये म्हणून. ती दुकानातच राहिली. तुम्हाला न विचारता मी ती वापरतो आहे. गेला मंगळवार आणि हा मंगळवार मिळून अकरा घरं झाली. दारात उभं राहून "तुमचा लोटा बघू का" असं म्हणणं सोपं नाही. एका घरात मला भांडी चमकवायची पावडर विकणारा समजले.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या नीलिमाताईंनी लोट्यात विरजण लावलं होतं. त्या पुण्याच्या, आयटीतल्या, एका कानात फोन चालू. म्हणाल्या, "अरे, त्यात दही आहे, बाहेरून चेक कर ना प्लीज, हलवू नको फक्त." मी ओट्यापाशी वाकून वाफ सोडली. त्या फोन बंद करून बघत राहिल्या. "हे काय, व्हेरिफिकेशन आहे का?" मी खरं कारण सांगितलं नाही, पॉलिश म्हणालो. मग त्या आपणहून बोलल्या. चार-पाच वर्षांपूर्वी त्या नव्या राहायला आल्या त्या आठवड्यात त्यांचा मिक्सर बंद पडला होता. रघुनंदनदादांनी तो उघडला, आतला झिजलेला पितळी बुश घरी नेला आणि पुढच्या रविवारी नवा, कंपनीत स्वतः लेथवर कातून आणला. "अजून चालतो. आवाज ऐक," म्हणत त्यांनी रिकामा मिक्सर फिरवून दाखवला. काका, मी मिक्सरचा आवाज लिहू शकत नाही, पण तो नीट चालतो.

तुमच्या पुतणीकडे, अनुषाक्कांकडे, लोटा देवापाशी आहे. त्यांनी आधी हात पाय धुवायला लावले. लोट्यावर तोंडाची वाफ सोडणार म्हटल्यावर चिडल्या. "एंजलु करतोस काय, उष्टं, देवाच्या भांड्याला? शिकवलं नाही कोणी?" मग शेवटी स्वतःच ओल्या फडक्यात गरम पाणी घेऊन त्याची वाफ दिली. तो नव्हता. निघताना म्हणाल्या, "रघूला लहानपणी सगळे मठ्ठ म्हणायचे. पीयूसीला, म्हणजे बारावीला, नापास झाला तेव्हा काका आठ दिवस जेवले नाहीत त्याच्याबरोबर. तो मात्र मार्कशीट घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, अक्का, इंग्लिशमध्ये चौतीस. एक मार्क अप्पांनी दिला असता तर पास झालो असतो की!" हे सांगून त्या हसल्या आणि मग आत निघून गेल्या. मी दार ओढून घेतलं.

हे तुम्हाला लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. पण मी शोधायला गेलो तिथे जे ऐकलं ते तुमचं आहे, माझ्याकडे ठेवून उपयोग नाही.

एकोणचाळीस घरं राहिली.

मल्हार


२४ मार्च, मंगळवार

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. दोन ओळींचं आहे, पण मी ते इतक्या वेळा वाचलं की कोपरा दुमडला.

"रघूच्या फोनमध्ये बघितलं. गेल्या वर्षी १९ मार्च, सकाळी ११.२०, तुमच्या दुकानाचा नंबर, अडतीस सेकंद. फोन केला नाहीस असं का लिहिलंस?"

केला होता.

मला वाटलं होतं तुम्ही फोनमध्ये बघणार नाही. शिवाप्पांच्या नियमाप्रमाणे महिन्याने मी फोन लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. मी कन्नडमध्ये म्हणालो, "सर, तुमचा लोटा तयार आहे, घेऊन जा." पलीकडून आवाज आला, "बेड, बेड. काही नको." मी म्हणालो, "सर, ऑर्डर दिली होती." पलीकडून परत "बेड" आणि फोन बंद. मी चिठ्ठीच्या मागे "नको म्हणाले" असं लिहिलं. ते अजून आहे.

चिठ्ठ्या सोडवताना नंबर जुळला, तेव्हा तो आवाजही जुळला. चार दिवस माझ्यासमोर तोच आवाज होता. तुम्हाला हे कळू नये म्हणून मी विसरलो असं लिहिलं. कोणाचा तरी विसराळूपणा सहन करता येतो. आपल्याच तोंडातून गेलेला नकार कसा सहन करायचा ते मला माहीत नाही.

पण काका, आता नीट विचार केला तर तरीही चूक माझीच आहे, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. चिठ्ठी माझ्या हातात होती. तिच्यावर नाव होतं. मी नंबर बघून फिरवला आणि नाव वाचून दाखवलं नाही. "रघू म्हणून गिऱ्हाईक आहे, त्याचा लोटा" एवढं बोललो असतो तर तुम्ही फोन ठेवला नसता. मी दिवसभर नावांचंच काम करतो आणि नेमकं नाव घेतलं नाही. तुम्हाला तेव्हा कार्डवाले, विमेवाले, कोण कोण फोन करत असतील, त्यात मी एक.

आता लपवायला काही राहिलं नाही, म्हणून शेवटचं तेही लिहितो. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं, कारण ते वाचून तुम्हाला जास्त लागेल की कमी, हे मला ठरवता येत नव्हतं. अजूनही येत नाही.

रघुनंदनदादा मला आठवतात. रोज तीस-चाळीस गिऱ्हाइकं येतात, पण ते आठवतात, कारण त्यांनी सात लोटे ओळीत मांडले आणि प्रत्येकाला नखाने टिचकी मारून ऐकलं. शिवाप्पा कंटाळून म्हणाले, "सर, लोटा घेताय की तबला?" ते म्हणाले, "मालक, पत्रा पातळ असेल तर कॉफी लवकर निवते. आमचे अप्पा निवलेली कॉफी पीत नाहीत आणि पाजत पण नाहीत." मग पाचवा उचलला. हाताला मशीनच्या तेलाचा वास होता आणि चिठ्ठी लिहिताना कागदाला डाग पडू नये म्हणून त्यांनी हात शर्टाला पुसला. तरी डाग पडलाच, उजव्या कोपऱ्यात आहे.

मी विचारलं, "नावाखाली रविवार कशाला?" म्हणाले, "अरे, वरच्या फळीवर जाऊन बसेल तो. कुठल्या दिवशी खाली उतरायचं ते त्याला कळायला नको?"

आणि दुकानाच्या पायरीवरून परत वळले. "शनिवारी नक्की दे हं. रविवारी सातच्या आत पोचायचंय. एकदा उशीर झाला होता, तो अजून संपलेला नाही."

हे शब्द जसेच्या तसे आहेत. मी तेव्हा हसलो होतो, मला वाटलं विनोद आहे.

चौतीस घरं झाली. सोळा राहिली. गेल्या मंगळवारी बोम्मसंद्राला प्रणीतकडे गेलो होतो. बसमध्ये रघुनंदनदादांच्या शेजारी बसणारा तो. त्याचा लोटा मशीनजवळ आहे, त्यात ड्रिलची पाती ठेवतो. वाफ सोडली, काही नाही. तो म्हणाला, "आमच्यात सगळ्यात आधी डबा उघडायचा तो आणि सगळ्यात शेवटी जेवायचा. आधी सगळ्यांच्या डब्यातली भाजी बघून यायचा." त्या गुरुवारचं मी काहीच विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, की बसमध्ये ते खिडकीशी होते आणि त्या सकाळी आठवडाभराच्या शिफ्ट बदलून घेतल्याबद्दल खूश होते. रविवार मोकळा मिळाला होता.

लोटा सापडत नाही. बहुतेक तो भटजींकडे गेला असेल आणि त्यांनी पुढे कोणाला दिला असेल. मी थांबणार नाही.

मल्हार


९ एप्रिल, गुरुवार

तीर्थस्वरूप काकांस नमस्कार.

कार्ड काल आलं. आज दुकान चालू आहे, तरी शिवाप्पांनी अर्धा तास दिला. मी मशीन हातात घेतलं आणि ठेवून दिलं हे त्यांनी बघितलं. "आज नाव घालू नको," म्हणाले, "कोणाचं तरी वाटोळं करशील."

तुमचं कार्ड मी इथे उतरवून काढतो, कारण ते मला नीट समजलं का ते बघायचं आहे:

"चि. मल्हार, लोटा माझ्याकडेच आहे. दुकानात खोक्यातला सगळ्यात वरचा मीच उचलला होता. तुझं दुसरं पत्र आलं त्याच दिवशी चष्म्यासारखी वाफ सोडली. दिसलं. दोन्ही शब्द दिसले. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू घरं फिरायचा थांबला असतास आणि पत्रं थांबली असती. मला मिक्सर माहीत नव्हता. चौतीस मार्क माहीत नव्हते. भाजी माहीत नव्हती. माझ्याकडे त्याचा मालगाडीपर्यंतचाच हिशेब होता आणि मग एकदम मोरी. मधला सगळा लोकांकडे होता. राग आला असेल तर सरी, बरोबरच आहे. रविवारी ये. सातला. चिठ्ठी आण."

खरं सांगायचं तर राग आला. तासभर होता. मी पंचेचाळीस घरांच्या दारात उभा राहिलो. एका ठिकाणी कुत्रं अंगावर आलं. अनुषाक्कांनी मला हात धुवायला लावले. एवढं सगळं आणि लोटा तुमच्या फळीवर.

मग मी तुमच्या जागी बसून बघितलं. खरोखरच, झाकणं बाजूला करून स्टुलावर बसलो. तिथून माझं मशीन दिसतं आणि मशीनमागे मी बसतो ती जागा दिसते. तुम्ही चार दिवस तिथे बसून एक्कावन्न वेळा तेच नाव उमटताना बघितलंत. मला वाटायचं तुम्ही चुका तपासताय. तुम्ही बोलायला बसला होता, आणि काम संपत आलं तसं तुमचं बोलणं हळू व्हायला लागलं होतं, हे मला आत्ता कळतंय. शेवटच्या लोट्याच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, "स्वल्प सावकाश कर." मी समजलो, अक्षर नीट यावं म्हणून.

तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगतो: त्यावरची कै. ची ओळ काढून खालचे शब्द परत ठळक करता येतील. मशीन तेच आहे, हात तोच आहे, चिठ्ठी समोर आहे. पण तुम्ही सांगितल्याशिवाय मी त्याला चाक लावणार नाही. एकदा लावलं तेवढं पुरे.

रविवारी येतो. पहिली बस शिवाजीनगरहून किती वाजता सुटते ते दोघांना विचारून घेतलं आहे, दोघांनी वेगवेगळं सांगितलं, म्हणून मी त्याच्याही आधीच्या वेळेला स्टँडवर जाणार आहे. सातच्या आत पोचेन. आत येण्याआधी दारात काही विचारायचं असतं ते मला माहीत आहे, पण ते मी विचारणार नाही. ते त्यांचं आहे. मी नुसती कडी वाजवीन. त्या लोट्यातही मला कॉफी देऊ नका. मला घरातला कोणताही चालेल, काचेचा ग्लाससुद्धा.

पाच घरं राहिली आहेत. लोटा सापडला तरी ती मी सोडणार नाही. आतापर्यंत मंगळवारी सहा-सात घरं उरकत होतो, आता एका मंगळवारी एकच करीन.

मल्हार